जांभळी रताळी घरात येऊन पडलीत, नेहमीसारखी उकडायची का वेगळं काही करायचं?

यावलची_सून

राम राम मंडळी. आमच्याकडे मिस्टर पुण्याहून येताना मॉलमधून जांभळी रताळी घेऊन आलेत, आणि आणलीत ती पण पिशवी भरून, कारण म्हणे स्वस्त होती. साल आपल्या लाल रताळ्यासारखीच आहे जराशी काळपट, पण कापलं की आत गडद जांभळं, विळीला हाताला सगळीकडे रंग. जाऊबाईंनी त्यातली थोडी नेहमीप्रमाणे सोलून फोडी करून कुकरमध्ये पाण्यात लावली तर पाणी निळं झालं, फोडी बाहेरून राखाडी निळसर आणि आतून भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठासारख्या कोरड्या, घशाखाली उतरेनात, सोबत ताक घ्यावं लागलं. गोडी पण जेमतेम. सासूबाई म्हणतात हे रताळं नाहीच, कुठला तरी रानकंद आहे, पोरांना देऊ नका.

आता एकादशी तोंडावर आलीये आणि आमच्याकडे उपासाला रताळ्याच्या घाऱ्या, कीस आणि दह्यातलं भरीत हे ठरलेलं असतं, तर यात हे चालेल का, रंग टिकवायला काही युक्ती आहे का, आणि सासऱ्यांना शुगर आहे त्यांना द्यावं का नाही? ज्यांनी घरी केलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून सांगू नका, व्हिडिओ मी पण बघितलेत, त्यात सगळंच छान होतं.

फैजपूरवाल्या_काकू

अगं सोलून पाण्यात शिजवलं तिथेच सगळं गेलं बघ. याचा रंग पाण्यात उतरतो, त्यामुळे सोलायचं नाही, फोडी करायच्या नाहीत आणि पाण्यात बुडवायचं पण नाही. माती ब्रशने घासून धुवायची, शेंडा-बुडखा तसाच ठेवायचा आणि अख्खं वाफवायचं. मोदकपात्र असेल तर उत्तम, नाहीतर पातेल्यात खाली पाणी, वर चाळणी, त्यावर झाकण आणि झाकणावर काहीतरी जड. गॅस मध्यम. मनगटाएवढं जाड असेल तर पाऊण तास तरी लागतो, आपल्या पांढऱ्या गराच्या रताळ्याला जेवढा लागतो त्याच्यापेक्षा जास्तच धर, कारण हे आतून घट्ट असतं. विणायची सुई नाहीतर पातळ सुरी घालून बघायची, मधे अडकली नाही की झालं. साल मग हाताने निघते.

आणि तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना? आमच्याकडे पण आहे, भांड्याला पांढरा थर धरतो असं. त्या क्षाराच्या पाण्यात हा जांभळा रंग निळा-राखाडी पडतो. तुझ्या जाऊबाईंचा काही दोष नाही त्यात. पाण्यातच शिजवायचं असेल कधी तर फिल्टरचं पाणी घे आणि लिटरभर पाण्याला अर्धं लिंबू पिळ, मग रंग लालसर जांभळा राहतो. सोडा तर चुकून पण टाकू नकोस, हिरवट पडतं, बघून खावंसं वाटत नाही.

कोरडेपणाचं म्हणशील तर ती याची जातच तशी आहे. आपलं पांढरं रताळं उकडलं की ओलसर होतं, हे पिठूळ राहतं. म्हणून नुसतं उकडून खायला हे नाहीच, याला दूध, दही, तूप, नारळ काहीतरी लागतं. एकदा हे मनाशी धरलं की मग सगळं सोपं आहे.

नवापूर_नाका

ताई आधी एक खात्री करून घ्या की ते रताळंच आहे. आमच्याकडे गुजरात बॉर्डरला थंडीत उंधियूच्या सीझनला बाजारात जांभळं कोनफळ येतं, गुजराती लोक त्यालाच रतालू म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. कोनफळाची साल झाडाच्या खोडासारखी खडबडीत, त्यावर मुळ्यांचे केस, आकार वेडावाकडा मोठा, आणि कापलं की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं, कच्चं हाताला लागलं तर बऱ्याच जणांना खाज येते. रताळ्याची साल पातळ असते आणि कापल्या कापल्या कडेला पांढरा चीक येतो थेंब थेंब. तो चीक दिसला का तुमच्याकडे? दिसला असेल तर सासूबाईंना सांगा निर्धास्त राहा.

कोनफळ पण वाईट नाही म्हणा, पण ते नीट शिजवूनच खायचं आणि त्याच्या घाऱ्या वगैरे करायला गेलात तर पीठ हाताला चिकटून बसेल.

यावलची_सून

@नवापूर_नाका दादा चीक आला पांढरा, विळीवर चिकटून पण बसला, तेल लावून काढावा लागला. खाज वगैरे काही नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणे बरं मग करा, पण आधी तुम्ही खा.

@काकू बोअरचंच पाणी आहे हो, बरोबर ओळखलंत.

अमळनेर_लॅबवाला

शाळेत केमिस्ट्री शिकवतो म्हणून राहवत नाही, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

रंगाचं काकूंनी बरोबर सांगितलं. तो रंग अँथोसायनिनचा, जांभूळ आणि जांभळी कोबी यांच्यातलंच घराणं. आंबट लागलं की लालकडे झुकतो, क्षाराकडे म्हणजे अल्कलीकडे गेलं की निळा आणि मग हिरवा. कोबीच्या पाण्याचा जो प्रयोग नववी-दहावीची पोरं करतात तोच प्रयोग तुमच्या कुकरात झाला. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी अजूनच अल्कली होतं. अजून एक, लोखंडी कढई आणि लोखंडी विळी. लोहाशी गाठ पडली की हा रंग काळपट निळा होतो, म्हणून कीस लोखंडी कढईत करू नका, स्टील नाहीतर नॉनस्टिक घ्या.

आता गोडीचं. रताळ्यात कच्चं असताना साखर फार नसते, ती शिजताना तयार होते. त्यात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च फोडून माल्टोज करतं, पण त्याचं काम साधारण ६० ते ७५ डिग्रीच्या पट्ट्यात चालतं, त्याच्यावर गेलं की ते निकामी होतं. कुकरमध्ये, त्यातून फोडी केलेल्या, तो पट्टा झटक्यात पार होतो, एन्झाइमला वेळच मिळत नाही. हळूहळू तापवलं तर त्या पट्ट्यात रताळं जास्त वेळ राहतं आणि गोड होतं. आपल्या आज्या राखेत पुरायच्या ते उगीच नाही. घरी ओव्हन असेल तर आधी १५० वर अर्धा-पाऊण तास आणि मग २०० वर साल सुरकुतून कडेने चिकट पाक बाहेर येईपर्यंत. तरीपण एक आधीच सांगतो, जांभळ्यात पिठूळपणा जास्त आणि गोडी कमीच, कितीही हळू शिजवलं तरी ते केशरी रताळ्याइतकं गोड होणार नाही.

आणि फ्रीजमध्ये ठेवू नका बरं का कच्ची. दहा-बारा डिग्रीच्या खाली ठेवली की आत गाभा कडक पडतो, मग कितीही शिजवा तो टणकच राहतो. टोपलीत, अंधारात, हवा लागेल असं ठेवा.

चोपडा_ते_शिरपूर

राम राम बठ्ठासले. एवढी केमिस्ट्री कशाला भाऊ, मन्ही आजी म्हने रताळं राखमाच गोड लागस 😄 तुम्ही तेच सांगितलं फक्त डिग्री लावून.

आमच्या मळ्यात भरताची वांगी भाजतो त्याच जागेवर करतो. तुरकाठ्या किंवा कपाशीच्या काड्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा, लाल निखारा झाला की बाजूला सारून गरम राखेत रताळी अख्खी पुरायची, वरून परत राख, आणि त्यावर थोडा निखारा. डायरेक्ट जाळात टाकली तर वरून कोळसा आत कच्ची, वांगं चालतं तसं, रताळं नाही चालत. जांभळ्याला तासभर धरा. काढलं की गोणपाटात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचं, वाफेने साल सुटते आणि कोरडेपणा पण कमी होतो. फोडलं की आतला रंग असला भारी दिसतो ना, वाफवलेल्यापेक्षा गडद, कारण पाण्याचा संबंधच नाही.

मग ते लाकडी बडगीत, म्हणजे ठेचायच्या भांड्यात, घालून ठेचायचं. उपासाच्या दिवशी हिरवी मिरची, शेंदेलोण, शेंगदाण्याचं जाडसर कूट, आणि वरून घट्ट दही. दही घातलं की रंग गुलाबीकडे जातो. दुसऱ्या दिवशी उपास सुटला की तेच भरीत लसूण, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घालून तेलाची फोडणी देऊन, सोबत कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. गोडसर लागतं म्हणून मिरची डबल. दह्यातल्यापेक्षा हे दुसऱ्या दिवशीचंच मला जास्त आवडतं, खरं सांगतो.

स्पष्ट_बोलतो_जळगाव

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. घरी दोन्ही आणून खाल्लीत. चवीत आपलं बाजारातलं लाल सालीचं पांढऱ्या गराचं रताळंच वरचढ आहे, हे जांभळं म्हणजे फोटोसाठी. मॉलवाले दुप्पट-तिप्पट लावतात आणि लोक अँथोसायनिन अँथोसायनिन करत घेतात. अरे झाडावरची जांभळं खा पावसाळ्यात, काळी द्राक्षं खा, त्यात पण तेच आहे. घाऱ्यांना तर गूळ लागणार, गूळ पडला की जांभळा रंग गेला चॉकलेटी झाला, मग कशाला एवढी उठाठेव?

फैजपूरवाल्या_काकू

@स्पष्ट_बोलतो_जळगाव भाऊ, घरात येऊन पडलीत ना आता, फेकायची का? आणि गुळाचं तुमचं खरं आहे, गुळाने रंग मरतो. म्हणून मी यात पिठीसाखर घालते, रंग हवा असेल तर. रंगाची हौस नसेल तर गूळच चांगला, चव गुळाचीच.

सूनबाई, घाऱ्यांचं लिहून घे. रताळी वाफवून गरम असतानाच सोलायची आणि पुरणयंत्रातून काढायची, किसणीने नको, थंड झाल्यावर तर अजिबात नको, गुठळ्या राहतात आणि त्या तळताना फुटतात. वाटीभर लगद्याला पाव वाटी पिठीसाखर, चमचाभर तूप, वेलची, मीठ चिमटीभर. हे कोरडं असल्यामुळे दोन-तीन चमचे दूध लागतंच, पांढऱ्याला आपण कधी घालत नाही पण याला लागतं. मग राजगिऱ्याचं पीठ नाहीतर भगरीचं पीठ मावेल तेवढं, मावेल म्हणजे गोळा बोटाला न चिकटता वळला की थांबायचं, नाहीतर घारी लागते लाकडासारखी. एकादशी सोडून एरवी करशील तर कणीक घाल, त्या जास्त छान फुगतात. राजगिऱ्याच्या फुगत नाहीत, फुगायची वाट बघत तेलात ठेवू नकोस. प्लास्टिकच्या कागदावर थापायच्या जरा जाडच, आणि तेल मध्यम, कारण जळायला वेळ लागत नाही आणि जांभळ्यात करपलेलं दिसत पण नाही. रंगावर जाऊ नकोस, बुडबुडे कमी झाले की काढ.

यावलची_सून

काकू तुम्ही थोर आहात 🙏 पुरणयंत्राचं डोक्यातच नव्हतं.

कीसाचं पण कोणीतरी सांगा ना. आणि शुगरचं राहिलंच. सासरे आतापासून विचारतायत की जांभळं रताळं शुगरला चांगलं असतं असं कोणीतरी त्यांना पाठवलंय मोबाईलवर.

भुसावळ_गार्ड_डबा

शुगरवर मी बोलतो कारण मी स्वतः गोळ्या घेतो आणि रताळं मला जिवापाड आवडतं. जांभळं असो पांढरं असो, शेवटी स्टार्चचा कंद आहे, रंगामुळे ते औषध होत नाही. पाण्यात उकडलेलं किंवा वाफवलेलं रताळं रक्तातली साखर जरा हळू वाढवतं, भाजलेलं-बेक केलेलं जास्त भरभर वाढवतं. म्हणजे वर लॅबवाले सरांनी जी गोड करायची युक्ती सांगितली ती आमच्यासाठी उलटी. खरा घोळ उपासाच्या ताटात होतो, भगर पण, साबुदाणा पण, बटाट्याची भाजी पण आणि वर रताळं, असं सगळं एकदम. मी काय करतो, त्या दिवशी साबुदाणा पूर्ण बंद, भगर एक छोटी वाटी, आणि वाफवलेलं रताळं अर्ध्या मुठीएवढं, दही आणि शेंगदाण्याबरोबर. घारी नाही. सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते इन्सुलिनवर असतील तर उपासाचंच आधी विचारा, रताळ्याचं नंतर. आणि मोबाईलवर कोण काय पाठवतं ते सोडा.

शिरपूरकर_वहिनी

कीस मी सांगते, आमच्याकडे तो एकादशीला दोन्ही वेळा होतो 😀

कच्चं रताळं सोलून किसायचं जाड बाजूने, आणि किसल्या किसल्या पाण्यात टाकायचं ज्यात थोडं लिंबू पिळलंय, नाहीतर काळं पडत जातं. पण पाण्यात फार वेळ नको, रंग जाईल, सगळं किसून झालं की लगेच दोन्ही हातांनी पिळून घ्यायचं. हातमोजे असतील तर घाला, नखं दोन दिवस जांभळी राहतात, मी सांगितलं नाही म्हणू नका. स्टीलच्या जाड बुडाच्या कढईत तूप जरा सढळ हाताने, जिरं, हिरवी मिरची, त्यात कीस, परतायचं, आणि इथे पांढऱ्याहून फरक असा की याला पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावंच लागतं, नाहीतर कच्चट कचकच लागतो. परत हबका, परत झाकण. मऊ झाला की मीठ, थोडी साखर, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं. लिंबू शेवटी गॅस बंद करून. जिथे जिथे थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपके उठतात, आमच्या पोरी तेवढ्यासाठी लिंबू पिळायला भांडतात. कोथिंबीर आमच्याकडे उपासाला चालत नाही, तुमच्याकडे चालत असेल तर घाला.

आणि उरली तर वेफर्स करा हो. केळी वेफर्सची किसणी घरात असेलच तुमच्याकडे, यावलच्या तुम्ही. पातळ चकत्या, पाण्यातून काढून कापडावर पूर्ण कोरड्या, आणि तेल मध्यम. केळ्यासारखं कडक तापलेल्या तेलात टाकायचं नाही, साखर असते म्हणून कडा आधी जळतात. वर शेंदेलोण आणि तिखट. हे मात्र पांढऱ्यापेक्षा खरंच सरस होतात, ओलावा कमी असल्यामुळे कुरकुरीत राहतात, स्पष्ट बोलणाऱ्या भाऊंनी पण करून बघावेत.

स्पष्ट_बोलतो_जळगाव

वेफर्स खाल्लेत वहिनी, वेफर्स मान्य. बाकीचं नाही.

रावेर_काळी_माती

उशिरा आलो पण एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही. रताळ्याला सोंड्या भुंगा लागतो, त्याच्या अळ्या आत बोगदे करतात. कापल्यावर काळपट भोकं दिसली किंवा औषधासारखा उग्र वास आला तर ते अख्खं रताळं टाकून द्या, खराब भाग काढून बाकीचं वापरू नका, कडवटपणा सगळ्यात उतरलेला असतो आणि तो शिजवून जात नाही, पोटाला पण चांगला नाही. पांढऱ्यात काळं लगेच दिसतं, जांभळ्यात दिसत नाही, म्हणून वासावर जा. गुरांना पण घालू नका तसलं.

दुसरं म्हणजे मॉलवर अवलंबून राहायची गरज नाही. भारतात जांभळ्या गराची भू-कृष्णा नावाची जात आहे, तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची, १०० ग्रॅमला साधारण ८५-९० मिलीग्रॅम अँथोसायनिन म्हणतात ते हिच्याचबद्दल. केशरी गराची भू-सोना पण त्यांचीच. मी बांधाकडेला थोडे वेल लावलेत घरापुरते. आपल्या भारी काळ्या मातीत कंद वाकडेतिकडे होतात, माती सुकली की आवळते, म्हणून गादीवाफा उंच घ्या, शेणखत आणि नदीची पोयटा माती मिसळा. तापीकाठच्या हलक्या जमिनीत सरळ येतात. पाणी साचू द्यायचं नाही. साडेतीन-चार महिन्यांत निघतात, काढल्यावर लगेच खायची घाई करू नका, सावलीत आठ-दहा दिवस पसरून ठेवा, साल पक्की होते आणि गोडी वाढते.

यावलची_सून

@रावेर_काळी_माती दादा मग ही मॉलची लावली तर येतील का? टोपलीतल्या एकाला आत्ताच कोंब दिसतोय.

रावेर_काळी_माती

येतात ना ताई. कोंबवालं रताळं लावायला ठेवा, कुंडीत ओल्या वाळूत आडवं अर्धं दाबून ठेवा. कोंब वीतभर वाढले की तोडून, खालची पानं काढून, दोन-तीन डोळे मातीत जातील असे लावा. थंडीत नका लावू, थांबून जातात. आणि रताळं सोलताना निघालेल्या सालींवर कोंब नसतात, त्या लावून वाट बघत बसू नका, आमच्या एका पाहुण्यांनी तेच केलं होतं.

फैजपूरवाल्या_काकू

आणि सूनबाई, कोवळी पानं पण खातात बरं रताळ्याच्या वेलाची, परतून भाजी होते लसूण घालून. एकादशी झाली की.